बदाम खाणारा घोडा

मार्गशीर्ष लागला, दत्तजयंती जवळ आली की वर्तमानपत्रांना सारंगखेडा आठवतं. तापीकाठच्या त्या गावचा घोडेबाजार जुना आणि खरोखर देखणा. बातमी मात्र दरवर्षी एकाच साच्यातून निघते. अमुक घोड्याला इतक्या लाखांची मागणी, तमुक घोडीची किंमत कोटीच्या घरात, मालकाचा विकायला नम्र नकार. शेजारच्या चौकटीत घोड्याचा आहार : इतके लिटर दूध, गावरान तूप, बदाम, अंडी, थंडीत बाजरी. दिवाळसणाला आलेल्या जावयाचं ताट वाचतोय की काय, असं वाटावं. या यादीत एक जिन्नस मी दरवर्षी शोधतो आणि तो कधीच सापडत नाही. गवत.

बदाम मिरवता येतात. वाळलेल्या गवताची पेंढी हातात धरून फोटो कोण काढणार? (विधानभवनाच्या आसपासचा घोडेबाजार वेगळा. तिथे चारा आधी दाखवतात, घोडा मागून येतो.)

घोडा एकदाच विकत घ्यायचा असतो, गवत रोज. हे गणित घोड्याच्या मालकाला पहिल्या महिन्यात कळतं, पाहुण्यांना कधीच कळत नाही. लग्नाच्या वरातीला घोडा तासाच्या भाड्याने मिळतो, त्याची भूक मात्र चोवीस तासांची असते. वरात दोन तास उशिरा निघाली म्हणून बँडवाला जादा पैसे मागतो आणि त्याला ते मिळतातही. घोडा बिचारा काही मागत नाही, डोक्यावरचा तुरा हलवत उभा राहतो.

जरा पोटाचं बोलू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, दहा-पंधरा लिटरचं. गाईचे चार कप्पे त्याला नाहीत, रवंथ नाही. मोकळ्या रानात तो दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो, थोडं थोडं, सतत. पोट फार वेळ रिकामं राहिलं की त्याच्याच जठरातलं आम्ल जठराला जाळतं. गवताऐवजी नुसती चंदी वाढवली, म्हणजे हरभरा नि भरडा जास्त घातला, तर पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे तो शूळ जिवावर बेततो. बुरशी धरलेलं, भिजून वाळलेलं गवत स्वस्तात मिळतं. ते घातलं तर खोकला, धाप आणि पुन्हा पोट. म्हणजे गवत हवं, ते कोरडं हवं, चांगलं हवं आणि दिवसभर हवं. श्रीमंताच्या मुलीचीही इतकी पथ्यं नसतात.

ढोबळ हिशेब असा : वजनाच्या दोन टक्के सुका चारा. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ किलो. हिशेबापुरता किलोला दहा रुपये भाव धरा. दिवसाचे ऐंशी, वर्षाचे 29,200. यात चंदी नाही, नाल नाहीत, खोगीर नाही, डॉक्टर नाही, खरारा करणारा माणूस नाही. दहा रुपये फुगवून सांगितले असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सरकारी दाखला आहे. 2019च्या दुष्काळात चारा छावणीतल्या मोठ्या जनावरामागे सरकारने दिवसाला शंभर रुपये मंजूर केले होते. सरकार स्वतःहून शंभर म्हणालं, म्हणजे बाजारात काय चाललं असेल ते ओळखा.

आता यातला गंमतीचा भाग. गवत फुकट उगवतं. त्याला बी लागत नाही, खत लागत नाही, पीकविमाही लागत नाही. पाऊस पडला की ठाणे-पालघर-रायगडचे डोंगर आपोआप हिरवे होतात. मग पैसे जातात कुठे? कापणाऱ्याच्या विळ्यात, बांधणाऱ्याच्या दोरीत, वखारवाल्याच्या तागडीत आणि ट्रकच्या डिझेलमध्ये. त्यातही वाळलेलं गवत म्हणजे निम्मी हवा. ट्रक वजनाने भरण्याआधी उंचीनेच भरतो आणि भाडं हवेचंही द्यावं लागतं.

या सगळ्यांत विळ्याचा वाटा किती, हा प्रश्न एकदा विचारला गेला होता. 1945चा ऑक्टोबर. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी गवत कापणीचा संप केला. मुंबईला गवत पुरवणारे व्यापारी आणि जमीनदार तेव्हा देतील ती मजुरी घ्यायची, अशी रीत होती. लढ्याचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या मागे उभे राहून वारल्यांनी मागणी केली : पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर. आपल्या घोड्याच्या एका दिवसाच्या आठ किलोंचा हिशेब करा, नऊ पैसेही होत नाहीत. एवढं मागितलं म्हणून तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. आजही ‘गवताचे भाव काय वाढलेत हो’ असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, नेमके कुणाचे वाढले?

घाट चढलात की गवत आणखी महागतं. माथेरानला मोटार वर जात नाही. ती दस्तुरी नाक्याला थांबते आणि तिथून पुढे पाय, घोडा, नाहीतर अमन लॉज स्थानकाची छोटी गाडी. गावात घोडे चार-साडेचारशे. डोंगरावर झाडी दाट आहे, कुरणं नाहीत, त्यामुळे घोड्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक काडी खालून येते. नेरळहून टेम्पोने दस्तुरीपर्यंत आणि पुढे जमेल तशी. सामान वाहायलाही इथे घोडेच लागतात. हॉटेलांचे सिलिंडर, बटाट्याची पोती, पाहुण्यांच्या बॅगा सगळं घोड्याच्या पाठीवर. तेव्हा स्वतःचं जेवण स्वतःच वाहून नेणारा कामगार बघायचा असेल तर लाल मातीच्या त्या रस्त्यावर उभे राहा.

पर्यटक काय बघतो? पाचशे मागितले, चारशेला ये. घासाघीस करून शंभर रुपये वाचवल्याचा आनंद पुढे इको पॉइंटवर कणसाच्या दुप्पट भावात जिरून जातो, ते वेगळं. घोडेवाले साधुसंत आहेत असं माझं म्हणणं नाही. पर्यटकांच्या दिशाभुलीच्या तक्रारींवरून 2025च्या मार्चमध्ये माथेरानकरांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं. पण हंगाम चार महिन्यांचा आणि पोट बारा महिन्यांचं, असा धंदा ज्याच्या गळ्यात आहे त्याच्या तोंडून पहिला भाव अवाच्या सवाच निघणार. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद, पाहुणे तुरळक, आणि नेमकं तेव्हाच कोरडं गवत सगळ्यात महाग. 2020च्या टाळेबंदीत तर एकही पाहुणा नव्हता. तेव्हा या घोड्यांसाठी देणगीतून खाद्य पोचवावं लागलं.

आता ई-रिक्षा आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा बंद करा म्हणून 2025मध्ये सांगितलं, ते फार आधी व्हायला हवं होतं. घोडेवाल्यांचा ई-रिक्षेला विरोध आहे आणि त्यांच्यावर सगळे रागावलेत. कुणी त्यांची वही उघडून बघितली का? ई-रिक्षा ज्या दिवशी उभी राहते त्या दिवशी तिला खायला लागत नाही.

घाटावरचं, म्हणजे देशावरचं रडगाणं निराळं. तिथे चारा म्हणजे कडबा. तो शेकड्यावर विकतात, शंभर पेंढ्यांचा भाव. एक पेंढी केवढी, याचं माप बांधणाऱ्याच्या मिठीत असतं आणि महागाई आली की मिठी आपोआप सैल होते. भाव तोच, पेंढी बारीक. पूर्वी मराठवाडाभर ज्वारी होती, पुरुषभर उंचीची. मग सोयाबीन आलं, त्याला पैसा चांगला मिळाला, शेतकऱ्याने ते पेरलं. त्याचं काही चुकलं नाही. पण सोयाबीनच्या काडाकडे घोडा ज्या नजरेने बघतो, ती नजर कृषी विद्यापीठांनी एकदा पाहायला हवी. ज्वारी उरली तिथेही बुटक्या वाणांची. दाणा वाढला, ताट आखडलं. माणसाचं भागलं, जनावराचं ताट कापून.

आणि या महाराष्ट्राला घोड्याचं प्रेम काय शिकवायचं? चौकाचौकांत अश्वारूढ पुतळे आहेत. घोड्याचा कुठला पाय उचललेला असावा यावर आपल्याकडे वाद होतात, समित्या बसतात, निविदा निघतात. ब्राँझचा घोडा फार सोयीचा. त्याला उद्घाटनानंतर काही घालावं लागत नाही.

शिवाजी महाराजांना मात्र खऱ्या घोड्यांचं बघायचं होतं. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणकडे पावसाळ्यासाठी लष्कराची छावणी पडली होती. तिथल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना त्यांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे, निदान असायला हवं. भाषणांत सगळे भाजीच्या देठावर येऊन थांबतात, गवतापर्यंत कुणी पोचत नाही. या पत्राचा विषय सगळा दाणा-वैरणीचा आहे. आशय असा : पावसाळ्यापुरती बेगमी करून ठेवली आहे, ती आहे म्हणून आत्ता वाटेल तशी उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी पडतील, मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरी शिरतील, कुणी दाणे उचलील, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर त्यांनी उंदरापर्यंत विचार केला आहे. रात्री दिवा तसाच ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि एकदा गवत गेलं की कुणाची गर्दन मारलीत तरी नवं गवत उभं राहणार नाही.

गंजीला आग लागण्याची शक्यता, उंदराची वात, जुलैतला साठा मे महिन्यात मोजणं. आजच्या भाषेत याला ‘पुरवठा व्यवस्थापन’ म्हणतात आणि त्यासाठी लाखोंची फी भरून पोरं शिकतात. राज्य चालवणाऱ्या माणसाला पेंढ्या मोजण्यात कमीपणा वाटला नव्हता. आणि हेही बघा, गवत संपलं तर त्याची किंमत शेवटी कुणब्याच्या दारात वसूल होते, हे त्यांना त्या छावणीतल्यांच्या आधी दिसत होतं. पानिपतावर तर गवताची रसद तुटल्यावर घोड्यांचं काय झालं, ते बखरवाल्यांनी सांगितलंच आहे. आपण मात्र तिथेही फक्त किती बांगडी फुटली तेवढंच मोजतो.

सध्याच्या राज्यकर्त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. गवतावर जीएसटी नाही. सुका चारा शून्य टक्क्यात बसतो. घोडा मात्र बसत नाही. जिवंत घोड्यावर आधी 12 टक्के कर होता, सप्टेंबर 2025 पासून तो 5 झाला. गाढव आणि खेचर करमुक्त आहेत. यावर मी काही बोलणार नाही, वाचक सुज्ञ आहेत.

राहता राहिला कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा अधिनियम सांगतो की मालकाने जनावराला पुरेसं खायला-प्यायला दिलं नाही तर तो गुन्हा. उत्तम. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. म्हणजे मघाच्या हिशेबाने घोड्याला एक दिवस उपाशी ठेवलं की ऐंशी वाचतात आणि पकडले गेलो तरी तीस रुपये फायद्यात. तीन वर्षांच्या आत पुन्हा पकडले गेलात तर दंड पंचवीस ते शंभर, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडाधिकारी अशा घोड्याला जनावरांच्या दवाखान्यात पाठवू शकतो. तिथे त्याला गवत मिळतं, आणि त्या खाण्याचा खर्च मालकाकडून वसूल करायची तरतूदही याच कायद्यात आहे. जे गवत परवडत नव्हतं म्हणून घोडा उपाशी राहिला, त्याचंच बिल मालकाच्या हातात येतं. भाव तेवढा वखारवाल्याऐवजी जिल्हादंडाधिकारी ठरवतो. मालक फारच गरीब असेल तर खर्च माफ करण्याची सवलत आहे, पण ती औषधोपचाराच्या खर्चाला. गवत त्या सवलतीत नाही.