श्री. क्लाऊडराव, मुक्काम पोस्ट आभाळ

श्री. क्लाऊडराव यांस,
सा. न. वि. वि.

पत्ता एवढाच लिहिला आहे, कारण आपण जगाला एवढाच सांगता. पत्र पोचलं नाही तर टपालखात्याला बोल लावू नये. आपण आभाळात राहत नाही, हे ऐरोलीच्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्याने निघालं की ऐरोली, रबाळे, महाप्याच्या पट्ट्यात आपली निवासस्थानं लागतात. खिडक्यांचं वावडं असलेल्या उंच राखाडी इमारती, कुंपणावर काटेरी तारा, फाटकावर पहारेकरी, मागच्या अंगाला डिझेल जनरेटरांची रांग. देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई आणि नवी मुंबईकडे आहे. एमआयडीसीच्या भूखंडावर, सिमेंटच्या पायावर उभं असलेलं आभाळ याआधी आमच्या पाहण्यात नव्हतं. परदेशाशी बोलतानाही आपण वरून जात नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्याला येऊन टेकलेल्या केबलींमधून, समुद्राच्या तळाने जाता. म्हणजे बोंबलांच्याही खालून.

आता हे नाव आपण कुठून उचललंत ते बघू. संगणकांच्या जाळ्याचा नकाशा काढताना इंजिनिअर मंडळी स्वतःच्या ताब्यातलं यंत्र चौकोनात काढत आणि पलीकडचा जो पसारा समजावून सांगायची गरज नसे (किंवा ऐपत नसे), तिथे ढगाचं चित्र काढून मोकळी होत. ‘इथे आत काय आहे ते विचारू नका’ याची ती खूण. 2006 साली ॲमेझॉनने स्वतःची साठवणीची जागा भाड्याने द्यायला काढली, त्याच वर्षी गूगलच्या एरिक श्मिटसाहेबांनी एका परिषदेत आपल्या नावाचा उच्चार केला, आणि त्या खुणेची पाटी झाली. विचारू नका म्हणून सांगणारी पाटी दुकानावर लावून एवढा धंदा दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आमच्या सरकारला तर आपला इतका उमाळा आला, की सरकारी क्लाऊडचं नाव थेट ‘मेघराज’ ठेवलं. साधा मेघ म्हणणं बरं दिसलं नसतं.

खऱ्या ढगाशी आमचं भांडण जुनं आहे. तो काही साधुसंत नव्हे. पुनर्वसूत तरणा, पुष्यात म्हातारा होऊन येतो, आणि कधी कधी दोन्ही वेळा येतच नाही. 2015 मध्ये मराठवाड्यात त्याला पाझर फुटावा म्हणून विमान उडवून सिल्व्हर आयोडाइड फवारावं लागलं. 26 जुलै 2005 रोजी त्याने सांताक्रूझवर 24 तासांत 944 मिलिमीटर पाणी ओतलं आणि मुंबई बुडवली. वर्तमानपत्रवाल्यांनीही त्याला युद्धाचे ढग, संशयाचे ढग, मंदीचे ढग म्हणून वर्षानुवर्षं बिनपगारी राबवलं. पण त्याचं एक होतं. तो डोक्यावर यायचा आणि मान वर केली की दिसायचा. शिव्या कुठल्या दिशेने घालायच्या, हे कळायचं. आणि एवढं करूनसुद्धा महिन्याच्या एक तारखेला त्याने कुणाच्या खात्यातून पैसे वळते केले नाहीत.

आपण आलात आणि आमच्या बोलण्याचीही पंचाईत झाली. आमच्याकडे माणूस ढगात गेला म्हणजे तेराव्याची तयारी करायची. आता मोबाइलच्या दुकानातला पोरगा तोंडभर हसून सांगतो, ‘काका, काळजी नको, तुमचं सगळं क्लाऊडवर गेलंय!’ काकांच्या पोटात गोळा येतो, आणि तो अगदीच अनाठायी असतो असं म्हणवत नाही.

कारण 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरात लिथियमच्या बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचं 858 टेराबाइटांचं भांडार खाक झालं. दुसरी प्रत? ठेवलीच नव्हती. साठा फार मोठा, म्हणून प्रत काढणं जमलं नाही, असं कारण मिळालं. घर फार मोठं म्हणून कुलूप लावलं नाही! तिथल्या कर्मचाऱ्यांना कागदपत्रं कार्यालयातल्या संगणकावर न ठेवता या भांडारातच ठेवायला सांगितलं होतं, ते वेगळंच. 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला आपला एक पाच मजली अवतार असाच जळाला. खरा ढग विजेने झाडं जाळतो, स्वतः पेटल्याचं कुणी पाहिलेलं नाही. एवढं एक कर्तृत्व मात्र निखालस आपलंच.

आपले वकील मेघदूताचा दाखला देतील, याची कल्पना आहे. रामगिरीवरच्या यक्षाने (आम्ही तो डोंगर रामटेकचाच मानतो) निरोप पोचवायला ढगच निवडला, तेव्हा आमच्या अशिलाची परंपरा प्राचीन आहे, वगैरे. जरूर द्यावा. फक्त पाचवा श्लोक न गाळता वाचावा. कालिदास तिथे स्वच्छ विचारतो, की धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचं गाठोडं म्हणजे ढग, आणि निरोप पोचवायला इंद्रियं शाबूत असलेला जिवंत प्राणी लागतो, या दोघांचा मेळ बसायचा कसा? आणि उत्तरही तोच देतो, की व्याकुळ माणसाला जिवंत आणि निर्जीव यांतला फरक उरत नाही. क्लाऊडराव, कालिदासाने आपलं महाप्याचं घर पाहिलं असावं. धूर जनरेटरांचा, उजेड रात्रंदिवस लुकलुकणाऱ्या दिव्यांचा, पाणी यंत्रं थंड ठेवायचं, वारा पंख्यांचा. पाचवं काही आत सापडत नाही. आणि व्याकुळ तर आम्ही आहोतच. नातवाच्या बारशाचे फोटो, जमिनीचा सातबारा, पेन्शनचे कागद, सगळं या गाठोड्यात कोंबून आम्ही निवांत झोपतो.

खादाडपणाबद्दल बोलायचं तर, 2024 मध्ये जगभरातल्या आपल्या भाऊबंदांनी मिळून सुमारे 415 अब्ज युनिट वीज खाल्ली. जगाच्या विजेतला साधारण दीड टक्का. पाणी काही ठिकाणी कमी पिता, काही ठिकाणी मनसोक्त. कुठे किती, ते सांगायला मात्र लाजता. पाणी देणारा तो ढग आणि पाणी पिणारे आपण, दोघांना एकच नाव. शाळेत एका वर्गात एका नावाची दोन मुलं असली तर मास्तर एकाला आडनावाने हाक मारतात. आपलं आडनाव काय?

खरी तक्रार पुढेच आहे. पूर्वी कचेरीत गेलं की कारकून म्हणायचा, ‘साहेब जेवायला गेलेत.’ जेवून साहेब येत. उशिरा येत, ढेकर देत येत, पण येत. आता खिडकीमागचा माणूस डोळ्यांनी वर खुणावतो आणि म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ त्याचा दोष नाही, त्याच्या साहेबाचा नाही, कंत्राटदाराचा नाही. सगळ्यांची जबाबदारी वाफ होऊन वर जाते आणि तिथे आपण असता. आपल्या अटी-शर्तींची पानं खाली सरकवत गेलं, तर नुकसानीला आम्ही फार तर अमुक इतकेच जबाबदार, अशी ओळ सापडते. ‘मान्य’ हे बटण मात्र ठळक, निळं आणि हाताशी.

तरी आपण धंदा बंद करावा, असं मागणं नाही. आमच्याही घरात माळा भरलेला आहे आणि माणसाला सामान ठेवायला जागा लागते. भिवंडीचा गोदामवाला तेच करतो. फरक इतकाच, की तो स्वतःला क्षितिज म्हणवून घेत नाही. पावतीवर गाळ्याचा नंबर लिहितो, आग लागली तर फोन करतो, आणि माल कुणाच्या भरवशावर आहे असं विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगतो, ‘माझ्या.’

पुढल्या महिन्याचं बिल पाठवाल, तेव्हा त्यावर गाळा नंबर टाकावा.

कळावे,
आपला एक भाडेकरू