बाइंडिंगवाले काका

मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या गेटापासून हाकेच्या अंतरावर एक झेरॉक्सचं दुकान असतं आणि दुकानात काका असतात. मार्च उजाडला की ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्प-अहवाल, बांधून घेणाऱ्यांची तिथे रांग लागते. या अहवालांचे खरे मार्गदर्शक काकाच. कागदोपत्री मार्गदर्शक वेगळे असतात. ते सही करतात.

पेनड्राइव्ह लावता लावता काका विचारतात, "डावीकडे दीड इंच सोडलंयस ना? नाहीतर अर्धी प्रस्तावना शिवणीत जाईल." मग पानांचे क्रमांक. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना रोमन आकडे. साधा एक सुरू होतो तो पहिल्या प्रकरणापासून. इथवर ते हळू आवाजात बोलतात.

सारांशापाशी आवाज चढतो. "'अभ्यास करण्यात येईल'? म्हणजे अजून व्हायचाय? अरे, सारांश छापायचा पहिला, पण लिहायचा सगळ्यात शेवटी!"

साहित्याच्या आढाव्यावर ते सुस्कारा सोडतात. "हा असं म्हणतो, तो तसं म्हणतो. त्यांचं भांडण कशावरून आहे, ते लिही की." संशोधन पद्धतीत तर काका फौजदारच होतात. "शंभर जणांनी गूगल फॉर्म भरला, तोही रात्री दोन ते अडीचमध्ये? आणि वेळेसकट परिशिष्टात जोडलायस?" शेवटी बोटांवर हिशेब: "उद्दिष्टं चार, निष्कर्ष सात. वरचे तीन कुणाचे?"

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचा २०१८ चा नियम त्यांना तोंडपाठ. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. प्रबंधात ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ते तपासायला विद्यापीठांना सॉफ्टवेअर लागतं. काका नुसतं पान उलटतात आणि म्हणतात, "हे तिसरं प्रकरण मी गेल्या वर्षी दोनदा बांधलंय."

एवढं सगळं ऐकून पोरं मान डोलावतात आणि विचारतात, "काका, संध्याकाळपर्यंत मिळेल ना? सोनेरी अक्षरांत?" मिळतं. काका कुणाला अडवत नाहीत, धंदा आहे.

एकदा एका पोरीनं विचारलं, "काका, तुम्हीच का नाही एक अहवाल लिहीत?"

"लिहीन की," काका पुठ्ठ्याला खळ लावत म्हणाले, "पण आधी एखादा प्रश्न तर पडायला हवा. प्रश्नच न पडता तुम्हाला ऐंशी पानं उत्तर सुचतं कसं, ते काही मला जमायचं नाही."