हळू चालण्याचा खर्च

वेगाचं वेड असलेल्या माणसाला समाज समजून घेतो. मध्यरात्री बुलेट पिदडत गल्ली जागी करणाऱ्या पोरालाही लोक "वय आहे" म्हणून सोडून देतात. पण पन्नाशीला टेकलेला गृहस्थ हातभर लांबीची गाडी आणखी हळू कशी चालेल यासाठी पगार उधळतो म्हटल्यावर लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग त्याच्या बायकोकडे. पहिल्या नजरेत कुतूहल असतं, दुसरीत सांत्वन.

या गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या वाटांवर लोक खऱ्या जीपा धोंड्यांवरून इंचाइंचाने चढवतात. त्याच खेळाची ही १/१० आकाराची, रिमोटवर चालणारी आवृत्ती. चारही चाकांना ताकद आणि दोन्ही डिफरन्शियल कायमची लॉक, त्यामुळे एक चाक हवेत लटकलं तरी जोडीचं चाक ओढायचं थांबत नाही. शर्यत नाही, उड्या नाहीत, टाळ्या तर नाहीतच. एक दगड असतो, एक गाडी असते आणि बाजूला उकिडवा बसलेला मालक असतो.

अशा गाड्या बाजारात तयार मिळतात. खोक्यातून काढायची, बॅटरी लावायची, दगडावर सोडायची. "तयार घेण्यात काय मजा?" असं मी चारचौघांत बोलून गेलो आणि घरातली मजा तिथेच संपली.

मला आपली जुनी महिंद्राची जीप हवी होती, म्हणजे मूळची विलीज सीजे-३बी. तिचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे १/१० ला ८ इंच. मी मागवलेल्या स्टीलच्या चासीचा व्हीलबेस होता ३१३ मिलिमीटर, म्हणजे १२ इंचांहून थोडा जास्तच. हा भागाकार चौथीतल्या मुलाला येतो. मला तो बॉडीचं डिझाइन निम्मं झाल्यावर आला. पुढची-मागची चाकं आपापल्या मडगार्डखाली यावीत म्हणून मी जीप मधूनच ताणली. थ्रीडी प्रिंटरवरून उतरली तेव्हा तिची वडाप झाली होती. मुलीने वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "बाबा, सीट किती भरतात?"

एवढ्या लांब टपाचं करायचं काय, म्हणून त्यावर कॅरियर आला. कॅरियरवर स्टेपनी, दोन जेरी कॅन, दोरखंड, बोटभर फावडं आणि समोर एलईडीची पट्टी. शेजारचे नाना दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून गाडी चहूबाजूंनी पाहिली आणि एवढंच म्हणाले, "टपावरचं उतरव." नानांना सौंदर्यदृष्टी नाही, असं मी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं.

जोडणीच्या वेळी हत्यारांवर पैसे वाचवावेत म्हणून मी जुन्या बाजारातून ॲलन कीचा जुडगा आणला. गाडीचे बरेचसे स्क्रू एम-३ जातीचे, घुमटासारख्या डोक्याचे. त्यांना २ मिलिमीटरची की लागते. जुडग्यातली की अमेरिकन मापाची निघाली, ५/६४ इंच, म्हणजे १.९८ मिलिमीटर. आता दोन शतांश मिलिमीटर हा काय फरक झाला? की आत बसते, पहिला स्क्रू आवळला जातो, दुसराही आवळला जातो. तिसऱ्याला हाताखाली काहीतरी लोण्यासारखं हलकेच सरकतं. मग बघावं तर षट्कोनी खाच सुबक गोल झालेली असते. तो स्क्रू पुढे कोणत्याही कीने निघत नाही, आणि तो नेमका गिअरबॉक्सच्या झाकणाचा असतो.

पहिली स्वारी वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत निघाली. तिथला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एवढा काळ तो माझ्या जीपची वाट पाहत असावा अशा थाटात मी गाडी खाली ठेवली. पहिल्याच पायरीवर पुढची चाकं चढली, नाक आभाळाकडे गेलं आणि गाडी सावकाश, अगदी विचारपूर्वक पाठीवर पडली. जेरी कॅन घरंगळले. सकाळी फिरायला आलेले एक आजोबा थांबले.

"मुलाची आहे का?"

"नाही, माझी."

"असं."

या "असं"मध्ये पुणेरी माणूस पूर्ण पंचनामा, साक्षीपुरावे आणि निकाल बसवू शकतो.

गाडी चढत नाही म्हणजे ताकद कमी पडते, असा निदानाचा सोपा मार्ग मी धरला. गाडीत ३५ टर्नची मोटर होती, ती काढून २१ टर्नची बसवली. या मोटरींत वेढे जितके कमी तितका वेग जास्त आणि मंद गतीला लागणारा जोर कमी, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि खरेदी करणं ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत. आता गाडीला दोनच अवस्था उरल्या: ठार उभी, नाहीतर समोरच्या झुडपात.

त्यातच प्लॅस्टिकच्या स्पर गिअरचे दात गेले. मी स्टीलचा गिअर आणला. मग प्लॅस्टिकचा प्रोपेलर शाफ्ट पिळला गेला. तोही स्टीलचा केला. तेव्हा पुढच्या ॲक्सलमधला सांधा तुटला. सांधा मजबूत केल्यावर स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरने, म्हणजे सर्वोने, राम म्हटला. गाडीतला कमकुवतपणा हा सरकारी नोकरासारखा असतो. त्याला काढून टाकता येत नाही, फक्त त्याची बदली होते, आणि दरवेळी ती जास्त भत्त्याच्या जागी होते.

नवा सर्वो २५ किलो जोराचा, धातूच्या गिअरचा आणला. टेकडीवर पुढचं चाक दोन धोंड्यांच्या बेचक्यात अडकलं. मी स्टिअरिंग वळवलं. सर्वो गुरगुरला आणि गाडी मेली. बोट सोडलं, जिवंत झाली. पुन्हा वळवलं, पुन्हा मेली. मी रिमोटचे सेल बदलले, रिसीव्हरची अँटेना उंच केली, नवा रिसीव्हर घेतला आणि टेकडीजवळच्या मोबाइल टॉवरवर संशय घेऊन झाला. शेवटी तपकीर गल्लीतल्या एका दुकानातला पोरगा मान वर न करता म्हणाला, "काका, वेगळी बीईसी लावा."

सर्वो अडकून बसला की सर्वांत जास्त करंट ओढतो. माझ्या गाडीत तो पुरवणारं बीईसी नावाचं सर्किट होतं जेमतेम ३ अँपिअरचं. त्याचं व्होल्टेज कोसळलं की त्याच्याच जिवावर चालणारा रिसीव्हरही बेशुद्ध पडतो. म्हणजे रिमोट बिचारा ओरडत होता आणि ऐकणारा उपाशीपोटी चक्कर येऊन पडला होता. नवी बीईसी त्या नव्या रिसीव्हरच्या मानाने फुकटात पडली.

यानंतर गाडी मरत नव्हती, तुटत नव्हती. फक्त उलटत होती. नाना रोज जिन्यात भेटत आणि हात वर करून टपाकडे बोट दाखवल्याची खूण करत.

मे महिन्यात थोरल्या साडूंच्या मुलीचं लग्न निघालं. चार नातेवाइकांना कलाकृती दाखवावी म्हणून मी जीप कारच्या मागच्या काचेखाली ऐटीत ठेवली. कार्यालयाबाहेर सावली मिळाली नाही. काचा बंद करून आम्ही पंगतीला बसलो, आग्रहाची जिलबी झाली, आहेर झाला. बॉडी पीएलए या प्लॅस्टिकची होती. हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मेच्या उन्हात बंद मोटारीच्या काचेखाली तेवढी उष्णता सहज होते. परत आलो तेव्हा टप मधोमध खचून सीटवर टेकला होता, कॅरियर ओघळून दारांवर आला होता आणि फावड्याने मान टाकली होती. साडूंनी बराच वेळ पाहून विचारलं, "अपघाताचा सीन आहे का?" मी हो म्हणालो. त्यांनी तपशिलाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी अवशेष पाहिले. "चला, टप उतरला," ते समाधानाने म्हणाले. "आता ने टेकडीवर."

बॉडी नाही, रंग नाही, दिवे नाहीत. लाज वाटावी अशी उघडी चासी मी पहाटेच नेली. त्याच पायरीवर पुढची चाकं चढली, नाक वर झालं, मागची चाकं दगडाला भिडली आणि गाडी काही न बोलता वर जाऊन उभी राहिली. गुरुत्वमध्यातून सोडलेली लंबरेषा चाकांच्या टेकूबाहेर गेली की वस्तू उलटते. हे शाळेत शिकवलं जातं आणि एसटीत रोज भोगलं जातं. मी मात्र ते शिकायला एक लग्न लावलं.

मग नानांनी सूत्रं हाती घेतली. वजन हवं, पण चाकांच्या उंचीवर, आणि मागच्यापेक्षा पुढे जास्त. त्यासाठी पुढच्या चाकांच्या आत बसतील अशा जाड पितळी कड्या हव्या होत्या. पितळ म्हणून मी तांबट आळी गाठली. कारागिराने माझं रेखाचित्र उलटसुलट करून विचारलं, "कुठल्या देवाला?" अखेर नानांच्या ओळखीच्या लेथवाल्याने त्या कातून दिल्या. मोटर परत ३५ टर्नची आली. टायरही तपासले. क्रॉलरच्या टायरात हवा भरलेली नसते, फोम असतो, आणि रिमला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. टायर दबला की आतली हवा त्यातून निघून जाते आणि रबर दगडावर पसरतं. ती भोकं मला कारखान्याची चूक वाटली होती. मी ती एम-सीलने निगुतीने बुजवली होती, आणि गाडी टुणटुण उडायची त्याला दमदार सस्पेन्शन म्हणत होतो. नानांनी टोच्याने एम-सील कोरून काढलं. तेवढा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता गाडी उत्तम चढते. दिसायला ती चार चाकांवर बांधलेली वायरिंगची पिशवी आहे. त्यामुळे तिचे फोटो मी कुणाला दाखवत नाही.

तुम्हाला क्रॉलर बांधायचाच असेल, तर क्रम लिहून घ्या: आधी चांगले टायर, मग खालचं वजन, मग सर्वो आणि त्याला पुरेल एवढी बीईसी, मोटर सर्वांत शेवटी आणि टपावर काहीही नाही. त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे सरळ तयार गाडी घ्या. ती माझ्या गाडीपेक्षा स्वस्त असते, चांगली चढते आणि जीपसारखी दिसतेही. हा सल्ला मला पहिल्याच दिवशी फुकट मिळाला होता. तुम्हालाही फुकटच देतोय, त्यामुळे तुम्हीही तो ऐकणार नाही याची मला खात्री आहे.