दक्षिणदिग्विजयाची पूर्वतयारी

सायकलवरून दूरच्या मुलखात जाणारा मनुष्य एकटा जातो, अशी जी समजूत सर्वत्र रूढ आहे, ती बहुधा त्याला पाठमोरा पाहणाऱ्यांनी पसरविली असावी; कारण निघण्यापूर्वीचे काही महिने ज्याने त्याच्या घरात काढले आहेत, त्याला हे पक्के ठाऊक असते की त्या एकासनी वाहनावरून त्याची पत्नी, त्याची आत्या, शेजारी, डॉक्टर, सायकल दुरुस्त करणारा कारागीर आणि परगावी नोकरी करणारा एखादा भाचा अशी सर्व मंडळी प्रवास करीत असतात, आणि त्यांतून जागा उरलीच तर प्रवासी बसतो.

पुण्याहून कन्याकुमारीस सायकलने जाण्याचा माझा संकल्प सेवानिवृत्तीच्या दिवशी, निरोपाची शाल खांद्यावर असतानाच जाहीर झाला. अव्वल कारकून म्हणून मी इतरांच्या फिरतीचे कार्यक्रम इतके तयार केले होते की कोणत्या तालुक्याच्या विश्रामगृहात कोंबडी मिळते आणि कोणत्या विश्रामगृहात नुसता खानसामा मिळतो, हे मला तेथे पाऊल न टाकताही सांगता येई. साहेब फिरतीवर निघत. मागे कचेरीत मी आणि त्यांची प्रवासभत्त्याची बिले एवढेच उरत असू. तेव्हा स्वतःच्या फिरतीचा कार्यक्रम आखण्याचा योग आला असता तो मी सरकारी शिरस्त्यानेच आखला, यात नवल नाही. मुक्काम, अंतर, चढउतार, भोजनाची तजवीज आणि शेरा असे रकाने पाडून मी सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, आणि तेथून कृष्णगिरी, सेलम, नामक्कल, करूर, दिंडिगल, मदुरै, तिरुनेलवेली अशी सुमारे दीड हजार किलोमीटरांची यादी स्वच्छ अक्षरात उतरविली व ती अभिप्रायार्थ घरात फिरविली. खंबाटकीच्या घाटात आधी बोगदा मिळाला तो पुण्याकडे परतणाऱ्यांना, आणि साताऱ्याकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला घाटच राहिला, ही वस्तुस्थिती मी प्रामाणिकपणे नमूद केली होती. पत्नीने तिच्यापुढे पेन्सिलीने ‘मग चढायचा कशाला?’ एवढेच लिहून कागद परत पाठविला. इतका नेमका शेरा मारणारा अधिकारी मला उभ्या नोकरीत लाभला नव्हता.

माझे वाहन म्हणजे काळ्या रंगाची, २८ इंची चाकांची, दांड्याच्या ब्रेकांची आणि चामड्याच्या सीटची जुनी सायकल. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आरे आहेत आणि मागच्या चाकाला ४०. कारण मनुष्याचा व त्याच्या संसाराचा भार अखेर मागच्याच चाकावर पडतो, हे ही सायकल प्रथम घडविणाऱ्या इंग्रज कारागिरांनी वेळीच ओळखले होते. बंगळुरात नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याचे मत मात्र असे पडले की या वाहनाने कन्याकुमारीस पोहोचणे म्हणजे पुढच्या पिढीवर काम सोपविणे होय, आणि २७ गिअरांची हलकी सायकल घेतल्याखेरीज मामांनी घराबाहेर पडू नये. मी हा तंटा आमच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या उस्तादांपुढे नेला. त्यांनी हातातल्या चाकाचा औट काढता काढता माझ्या बाजूने निवाडा दिला. “साहेब, त्या सायकलीची ट्यूब फाटली तर शहर गाठावं लागतं. तुमचा २८ दीडचा टायर जिथं चहा मिळतो तिथं मिळतो.” हा युक्तिवाद अकाट्य होता. नंतर त्यांनी त्याच मुखाने एक टायर, दोन ट्यूब, जादा आरे, छर्ऱ्यांची पुडी, चेन, सोल्यूशनच्या नळ्या आणि तीन आकारांचे पाने माझ्या स्वाधीन केले. जो टायर चहाबरोबर मिळतो तो पुण्याहून वाहून का न्यावा, असे मी विचारले. “आणि चहाच नाही मिळाला तर?” असे ते म्हणाले, आणि चाकाकडे वळले.

मीही त्या सायंकाळी थोडे गणित केले. पुढे ४८ दात्यांचे चक्र आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर जाते. दीड हजार किलोमीटरांस, उतारांची सूट न धरता, अडीच लाख फेरे होतात. हा आकडा कार्यक्रमाच्या कागदात समाविष्ट करू नये, असा निर्णय मी स्वतःच्या अधिकारात घेतला.

घरातील विरोध इतिहासाच्या आधारे शमविता येईल असे मला वाटत होते. म्हणून मी एका रात्री जेवताना टॉमस स्टीव्हन्सची हकिकत काढली. हा गृहस्थ १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला; त्याची सायकल पुढे छातीभर उंचीचे एक चाक आणि मागे नावापुरते दुसरे, अशा जुन्या घाटाची होती. तिच्यावरून त्याने अमेरिका ओलांडली, युरोप ओलांडले, १८८६ मध्ये तो आपल्याकडे लाहोरहून कलकत्त्यापर्यंत गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जपानात योकोहामाला पोहोचला. त्याचे सामान ते काय? मोजे, एक जादा सदरा आणि एक पावसाळी कोट. तोच कोट रात्री तंबू व अंथरूण म्हणून उपयोगी पडे. “आणखी काही नव्हतं?” पत्नीने विचारले. खोटे बोलण्याची सवय नसल्याने मी सांगितले की एक पिस्तूलही होते. तिने काही न बोलता आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी शेजारचे नाना लोखंडी टोकाची काठी घेऊन हजर झाले.

मग मी जवळचा आणि अहिंसक दाखला काढला. १९२३ साली मुंबईहून पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी वाळवंटे तुडविली, आल्प्स ओलांडले, आणि सुमारे ७१ हजार किलोमीटरांची फेरी पुरी करून ते १९२८ साली मुंबईस परत आले. आमची आत्या नव्वदीच्या घरात असून तिला ऐकू कमी येते, परंतु हिशेबाच्या गोष्टी तिला अजून स्पष्ट ऐकू येतात. “निघाले किती होते रे?” तिने विचारले. निघाले होते सहा. आत्याने सुपारी कातरून तोंडात टाकली व तो विषय तेथे दप्तरी दाखल झाला.

आत्याची खरी हरकत दिशेविषयी होती. मनुष्याने काशीस जावे, पंढरीस जावे, फार तर द्वारकेस जावे. पण पुण्यातून निघून सरळ यमाच्या दिशेने पेडल मारीत जमीन संपेपर्यंत जावे, हे तिला शुभलक्षण वाटेना. शिवछत्रपतींनी १६७७ साली दक्षिणेतच दिग्विजय करून जिंजी घेतली, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले, त्यावर “त्यांच्यामागे फौज होती, तुझ्यामागे काय आहे?” असा सवाल आला, आणि कॅरिअरवरील पिशव्या वगळता मजजवळ उत्तर नव्हते. शेवटी तिचे मन अकस्मात वळले ते भूगोलाच्या एका तपशिलामुळे. मदुरैहून रामेश्वर फुटते, हे तिला कोणीतरी सांगितले. तिच्या सासूने काशीहून आणलेला, तोंड डाक लावून बंद केलेला गंगेचा तांब्याचा गडू दोन पिढ्या देवघरात बसून होता. त्यातील पाणी रामेश्वरावर पडल्याशिवाय आणि तेथील वाळू काशीस गेल्याशिवाय ती यात्रा सुफळ होत नाही, हे सर्वांस ठाऊक होते, फक्त जाणारा कोणी सापडत नव्हता. यमाची दिशा तत्काळ तीर्थाची दिशा झाली. मदुरैहून रामेश्वर १७० किलोमीटर आडवाटेला आहे आणि मला तितकेच परत यावे लागेल, या माझ्या कैफियतीवर “यात्रेला आडवाट नसते” असा हुकूम झाला. काशीची बाजू तिने उदारपणे पुढच्या वर्षावर ठेवली.

मुहूर्ताचे प्रकरण याहून बिकट निघाले. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सायकलवाल्यास पुढे जाऊ देत नाही. आपला पाऊस आश्विनात आवरता झाला म्हणून निघावे, तर तमिळनाडूचा खरा पाऊस तेव्हा कोठे सुरू होतो, कारण ईशान्येचे वारे ऑक्टोबर ते डिसेंबर तो प्रांत भिजवीत असतात. माघात पत्नीच्या भाचीचे लग्न. फाल्गुनात कर्नाटकाच्या पठारावरील ऊन. सर्व खात्यांनी नाहरकत दिलेला काळ तेवढा डिसेंबरची अखेर आणि जानेवारी, आणि नेमक्या याच काळावर पंचांगाने पौष महिना आणून बसविला आहे, ज्यात कोणतेही शुभकार्य आरंभू नये. हवामान आणि धर्मशास्त्र यांच्यात असा पेच पडला म्हणजे कारकुनाने काय करावे? त्याने दोन्ही कागद एकाच फायलीत ठेवून वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहावी. मी वाट पाहत राहिलो.

मधल्या काळात सराव चालू होता. पिशव्यांत प्रत्यक्ष सामान भरण्यापूर्वी तेवढ्या वजनाची सवय व्हावी म्हणून मी जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे बांधून पहाटे कात्रजचा जुना घाट चढू लागलो, आणि खेड शिवापूरला चहा घेऊन परत फिरू लागलो. तेथील चहावाल्याने पहिल्या आठवड्यात आदराने विचारपूस केली, दुसऱ्या आठवड्यात रद्दीचा भाव विचारला. चामड्याच्या सीटविषयी जाणकार सांगतात की शेकडो किलोमीटरांनंतर ती बसणाऱ्याच्या अंगाचे वळण घेते. तोपर्यंत बसणाऱ्याने तिचे वळण घ्यावयाचे असते, हे ते सांगत नाहीत. भाच्याने यावर उपाय म्हणून बुडाशी गादी शिवलेली तंग तोकडी विजार धाडली. ती दोरीवर वाळत असताना नानांनी कुंपणापलीकडून बराच वेळ निरीक्षण केले आणि अखेर “पाठीचं दुखणं दिसतंय” असे म्हणून एका अस्थितज्ज्ञाचे नाव सुचविले. डॉक्टरांनी माझा कार्डिओग्राम काढला, तो उत्तम आल्याबद्दल किंचित निराशा व्यक्त केली, आणि ताप, जुलाब, पित्त, विंचू, ऊन व थंडी यांवरील औषधांचा एक डबा बांधून दिला.

सामान बांधण्याचा दिवस उजाडला तेव्हा मला प्रथमच कळले की माझ्या पिशव्यांत माझे असे काही नव्हतेच. जो तो आपली धास्ती आणून त्यांत ठेवून गेला होता. नाना पाटबंधारे खात्यात असताना एकदा कुत्र्यांनी त्यांचा पाठलाग केला होता आणि एकदा मिरज स्थानकावर त्यांची ट्रंक चोरीस गेली होती; म्हणून काठी, आणि म्हणून हत्तीला पुरेल अशी साखळी व कुलूप. मी वाट चुकेन ही भाच्याची चिंता दोन बॅटऱ्या, तीन दिवे आणि तारांचे एक जाळे यांच्या रूपाने अवतरली होती. उस्तादांना चहा न मिळण्याचे भय होते, ते सर्व लोखंडी होते. पत्नीला मात्र कुत्र्यांचे, चोरांचे किंवा घाटांचे मुळीच भय नव्हते. तिची चिंता अशी की सेलमच्या पुढे मनुष्याला सकाळ-संध्याकाळ सांबार खावे लागते. त्यामुळे डिंकाचे लाडू, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे, आणि, बोलून दाखविण्याचे कारण नाही, कानटोपी. कन्याकुमारीत कानटोपीचे प्रयोजन काय, हा प्रश्न मी गिळला, कारण लाडवांच्या डब्याचे झाकण अजून उघडे होते.

रद्दीवाल्याच्या काट्यावर हे सर्व ३४ किलो भरले. सायकल स्वतः २० किलोच्या आसपास. कपात करणे प्राप्त होते, पण कपात करणे म्हणजे ज्याची त्याची वस्तू ज्याला त्याला परत करणे, आणि कोणी ताबेपावती देईना. नाना काठी घेईनात. उस्ताद म्हणाले, माल एकदा दुकानाबाहेर गेला की गेला. डॉक्टरांनी डबा उघडून त्यात सर्पदंशावरील सूचनांचा कागद घातला.

या कोंडीतून सुटका केली ती पुन्हा आत्यानेच. पौषाच्या अडचणीवर तिला जुना आणि शास्त्रशुद्ध तोडगा आठवला: प्रस्थान ठेवावे. मुहूर्तावर स्वतःस निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू त्या मुहूर्तावर घराबाहेर काढून प्रवासाच्या दिशेस असलेल्या दुसऱ्याच्या घरी ठेवावी, म्हणजे प्रवास सुरू झाला असे शास्त्र समजते. मग ठरावीक मुदतीत मनुष्य कधीही निघो. मार्गशीर्षाच्या अखेरीस मुहूर्त निघाला. गुरुवारी दक्षिणेस दिशाशूल, म्हणून बुधवारी. वस्तू कोणती, याविषयी शास्त्रात तांदूळ, सुपारी, वस्त्र असे पर्याय आहेत. अधिक ठेवू नये असे कोठेही म्हटलेले नाही, हे मी आत्याकडून दोनदा वदवून घेतले. आमच्या दक्षिणेस नानांचे घर.

त्या बुधवारी सकाळी मी काठी, साखळी, लोखंड, बॅटऱ्या आणि औषधांचा डबा भरलेल्या दोन्ही पिशव्यांवर हळदकुंकू वाहून, तांदूळ-सुपारीसह त्या नानांच्या ओसरीवर विधिपूर्वक ठेवल्या. नाना सद्गदित झाले. आपल्या घराचा असा सन्मान आजवर कोणी केला नव्हता, असे म्हणाले. माझ्याजवळ आता एक पिशवी उरली आहे: एक टायर, एक पंप, सोल्यूशन, कपड्यांचा एक जोड, लाडू, आणि गंगेचा गडू, कारण साऱ्या सामानात जो कोठे उतरवून ठेवायचा ते ठिकाण ठरलेले आहे असा तो एकटाच. कानटोपी डोक्यावर असेल. पत्नी दारात निरोपास उभी राहणार आहे.

निघताना प्रस्थानाची वस्तू वाटेत उचलून घ्यावी, अशी रीत आहे, आणि ती मला मान्य आहे. नाना साडेसहाशिवाय उठत नाहीत. मी साडेचारला निघणार आहे, आणि झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे दार ठोठावणे मला बरे वाटत नाही.