नाकात शिसं, बगलेत धूर

ऐकलंत का? गंगावेशीतल्या एका भल्या घरच्या, पन्नाशीला टेकलेल्या गृहस्थांनी सख्ख्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला दांडी मारली. का, तर म्हणे, "रंग वाळायचा होता." रंग घराचा नव्हे, गाडीचा नव्हे. विमानाचा! आणि विमान केवढं, तर साडेसहा इंच.

आता नाद हा काही कोल्हापूरला नवा नाही. तालमीचा नाद झाला, कबुतरांचा झाला. फुटबॉलचा तर एवढा, की पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पेठापेठांतली बोलणी बंद. पण हे सगळे नाद चव्हाट्यावरचे, चारचौघांत मिरवायचे. हा विमानांची मॉडेल्स बनवायचा नवा नाद दाराला आतून कडी लावून चालतो. आत थिनरचा वास, बाहेर बायकोच्या जिवाला घोर. शेजारणींनी काय समजायचं?

विमान कुठलं, याचीही आम्ही चौकशी केली. सी हॉक. आपल्या नौदलाचं लढाऊ जेट, जुन्या विमानवाहू 'विक्रांत'च्या डेकवरून उडायचं. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत'चा एक बॉयलर तडकलेला, वेग मंदावलेला, तरी ४ डिसेंबरला याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. आपण नौदल दिन साजरा करतो तो ४ डिसेंबरला, तो कराचीवरच्या हल्ल्यासाठी. त्याच दिवशी पलीकडच्या समुद्रात सी हॉक काय करत होती, हे विचारायला कुणी जात नाही. गृहस्थ मात्र न विचारता सांगतात, आणि सांगायला लागले की चहा गार होतो.

शिवाय या विमानाची रचनाच कोल्हापूरकराला भुरळ पाडणारी. पोटात इंजिन एकच, पण त्याचा झोत दोन नळ्यांत विभागून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बगलांतून बाहेर सोडलेला. शेपटीला भोकच नाही! जाळ आणि धूर संगटच, तोही दोन्हीकडून. ज्या तुकडीची ही विमानं, त्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं चिन्ह पांढरा वाघ. आमच्याकडे पांढरा म्हटलं की रस्सा आठवतो, पण असो.

आता ऐका आतल्या गोष्टी. खोक्यातून निघतात ते प्लास्टिकचे करडे सांगाडे. त्यातून एकेक भाग कातरायचा, कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, फटी पुट्टीनं भरायच्या. मग नाकात शिसं घालायचं. होय, शिसं! पुढचं चाक नाकाखाली असल्यामुळे वजन नसेल तर विमान शेपटीवर बसतं. म्हणून पंचगंगेवर गळ टाकणाऱ्या एका पोराकडून शिशाच्या गोळ्या आणल्या. पोराला वाटलं, काकांना माशांचा नाद लागला. तेवढं असतं तर घरच्यांनी पेढे वाटले असते.

फवारणीची कला शिकायला गृहस्थ शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन बसले. बाप्पाच्या सोंडेवर रंगाची छटा कशी उतरवतात, ते बघत. कारागिराला वाटलं, मोठ्या मंडळाची ऑर्डर आली. विचारलं, "किती फुटी पाहिजे?" हे म्हणाले, "अर्धा फूट. पण पंख पाहिजेत." कारागिरानं पाणी प्यायला दिलं.

मे महिन्यात कुटुंबाला घेऊन गोव्याला निघाले, तेव्हा म्हटलं, चला, शुद्धीवर आले. बोगमाळोचा किनारा ठरला होता. गाडी थांबली ती किनाऱ्याच्या अलीकडे, नौदलाच्या विमान संग्रहालयाच्या दारात. १९९८ पासून तिथं खरंखुरं सी हॉक उभं आहे. माणूस सरळ त्याच्या पोटाखाली उताणा पडला आणि चाकांच्या खोबणींचे फोटो काढत बसला. पोरं "समुद्र, समुद्र" करत रडतायत. वर तक्रार काय, तर "हा रंग नंतर मारलाय, युद्धातला नव्हे."

रंगाचं प्रकरण तर पोलिसांत जाईल एवढं पेटलंय. सी हॉकची मूळची ब्रिटिश रंगसंगती वर गडद करडी, खाली फिकट हिरवट. पण खारं वारं आणि ऊन खाल्लेला करडा किती विटलेला दाखवायचा? त्यात एक पक्ष म्हणतो, बहात्तर पट लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो, म्हणून दोन थेंब पांढरा मिसळावा. दुसरा पक्ष म्हणतो, खरा तो खरा. दोन बालमित्र मिसळीच्या टेबलावरून उठून गेले, कट अर्धा टाकून. मिसळीचा कट अर्धा! यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखा.

कुणी हटकलंच, की हा पोरखेळ कशाला, तर उत्तर तयार. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलानं शाळकरी पोरांकडून अशीच पाच लाख मॉडेल्स मागवली होती. माप हेच, एकास बहात्तर. आकार बघून आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं, हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून. पुढचं उत्तर त्याहून झोंबणारं. 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१४ मध्ये लिलावात गेली आणि तिचे तुकडे झाले. त्यातलं काही पोलाद मोटारसायकलींत उतरलं. "जहाज भंगारात गेलं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत," गृहस्थ म्हणतात, "आणि माझ्या कपाटातल्या साडेसहा इंचांवर सभा घेताय?"

यावर आम्ही विषय बदलला.

पण खरी लाज आणणारी गोष्ट पुढंच आहे. वैमानिक बसतो ती जागा हे लोक सगळ्यात आधी रंगवतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या पाटीवर एकेक काटा, आसनाचे पट्टे, सगळं भिंग लावून. आणि मग दोन्ही बाजू चिकटवून बंद करतात. वर पारदर्शक झाकण. त्यातलं निम्मं पुन्हा कुणाला दिसत नाही! ज्या गावात गटारीचं झाकणसुद्धा फलक आणि हार असल्याशिवाय बसत नाही, तिथं न दिसणाऱ्या जागी एवढी मेहनत? वर म्हणतात, "मला माहीत आहे ना, आत काय आहे ते."

हे वेड वेळीच आवरलं पाहिजे. उद्या एखाद्या रस्त्याच्या ठेकेदाराला याची लागण झाली, आणि तो डांबराखालची खडीही नीट बसवायला लागला, तर पावसाळ्यात आपण बोलायचं तरी कशावर?