सत्तर टक्के

(इचलकरंजीतलं भंगाराचं गोदाम. प्रोसेस हाऊसमधून आलेल्या दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमांची रास. कापडाच्या प्रक्रियेसाठी रसायनं पुरवणाऱ्या कंपनीचे एक साहेब मुंबईहून आलेत. खातं सस्टेनेबिलिटीचं. हुद्दा एवढा लांब की कार्डावर फोन नंबर मागच्या बाजूला गेलाय.)

साहेब : हे ड्रम आमचे आहेत.

भंगारवाला : व्हय, नाव दिसतंय की. किलोवर घेणार का नगावर?

साहेब : आमचेच ड्रम आम्ही विकत घ्यायचे?

भंगारवाला : तुम्ही मालासकट गिऱ्हाइकाला विकला, त्यानं रिकामा करून मला विकला. आता तुमची पाळी.

साहेब : अहो, केंद्राचा नियम आहे. 4.9 लिटर किंवा त्याहून मोठी जी कडक प्लास्टिकची पॅकिंग असतील, त्यातली 70 टक्के 2025-26 पासून पुन्हा वापरायची. 2028-29 पर्यंत 85 टक्क्यांवर न्यायचंय.

भंगारवाला : चार पॉइंट नऊ? सरळ पाच का न्हाई?

साहेब : ते दिल्लीत ठरलंय.

भंगारवाला : मग बरोबर असंल. पर वापरायला नियम कशाला लागतोय? आमच्यात ड्रम वाया गेलेला दाखवा एक. फुटला तर उभा कापून म्हशीला पाणी पाजत्यात. तेबी गेलं तर क्रशर, धुलाई, दाणा. बुडाला त्रिकोणात 2 लिवलंय, म्हंजे एचडी. चांगला दाणा पडतोय.

साहेब : दाणा नको. दाणा केला की तो पुनर्वापर राहत नाही, रिसायकलिंग होतं. त्याचा रकाना वेगळा.

भंगारवाला : दाणा घेऊन नवा ड्रम करा की.

साहेब : तेही करायचंय. कडक पॅकिंगमध्ये 2025-26 साठी 30 टक्के रिसायकल केलेलं प्लास्टिक ठरलंय. पण मार्केटिंगला पांढरा कॅन पाहिजे.

भंगारवाला : निळ्या ड्रमातनं पांढरा दाणा? साहेब, ते कापडाचं ब्लीचिंग. पलीकडच्या गल्लीत करत्यात.

साहेब : ते राहू द्या. मला हे अख्खे ड्रम हवेत. (एक ड्रम फिरवून बघतात. दुसरा बघतात. तिसरा.) अहो, याला भोक आहे! यालाही! कुणी केलं हे?

भंगारवाला : तुम्ही.

साहेब : मी?

भंगारवाला : लेबल वाचा. तांबड्या अक्षरात हाय. ‘रिकामा झाल्यावर भोक पाडून निकामी करावा.’ गिऱ्हाईक तुमचं गुणी हाय, सांगितलेलं ऐकतंय.

साहेब : (बराच वेळ लेबल वाचतात. तीन ओळींना एवढा वेळ लागत नाही.) हे सेफ्टी खात्याचं काम.

भंगारवाला : तुमच्याच कंपनीतलं न्हवं?

साहेब : तिसरा मजला. आम्ही पाचव्यावर.

भंगारवाला : लिफ्ट हाय का?

साहेब : त्यांचंही चूक नाही. अख्खा ड्रम बाहेर गेला की लोक त्यात पाणी भरतात. भोक नसलेले कुठे गेले तुमच्याकडचे?

भंगारवाला : (जरा थांबून) ते… उन्हाळ्यात राहत न्हाईत. गावात नळ चार-चार दिवस फिरकत न्हाई, माणसं दारात रांग लावत्यात. मी सोडा टाकून धुवून देतोय. पिऊ नका म्हणूनबी सांगतोय.

साहेब : आणि ते पीत नाहीत?

भंगारवाला : वास बघून घेत्यात.

साहेब : वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नाही! काही द्रावकं प्लास्टिकच्या भिंतीत मुरतात आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरतात. धोकादायक रसायनाचा रिकामा ड्रम कायद्यानं धोकादायक कचऱ्यात मोडतो, 2016 च्या नियमांच्या यादीत 33.1 क्रमांकाला. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच तो जायला हवा. तुम्ही हे विकताच कसे?

भंगारवाला : त्यो यादीतला ड्रम माझ्या दारात सोडला कुणी, ते तुमच्या गिऱ्हाइकाला इचारा. (पण आवाज खाली आलेला.) बरं, ते आजपासनं बंद. मग भोक पाडायचं का न्हाई, एकदाच सांगा.

साहेब : पाडलं नाही तर लोक पाणी पितात. पाडलं तर सत्तर टक्के बुडतात.

भंगारवाला : अनामत ठेवा की! दुधाचे क्रेट येत्यात न्हवं माघारी? दर ड्रमला पैसे अडकवा, गिऱ्हाईक गाडीत घालून पाठवील. माझ्या दारापतूर येणारच न्हाईत. धंद्याच्या मुळावर येतंय माझ्या, तरी सांगतोय.

साहेब : सुचवलं होतं. सेल्सवाले म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल.

भंगारवाला : ते कितव्या मजल्यावर?

साहेब : (उत्तर देत नाहीत.) एक विचारू? नुसतं प्रमाणपत्र मिळेल का कुठे?

भंगारवाला : ड्रमाशिवाय?

साहेब : नको, नको. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाला तपासणीत रिसायकलिंगची खोटी प्रमाणपत्रं सापडली होती, सहा लाखांच्या घरात.

भंगारवाला : अबब! एवढा माल तर माझ्या बापानंबी बघितला नसंल. कागदावरच वितळवला म्हणा. न्हाई, ते आपल्याकडं न्हाई. सोळा ड्रम हायत बिनभोकाचे, आतून साधं सॉफ्टनर. नव्याच्या निम्म्या भावात देतो. बिल करू?

साहेब : करा. पण बिलावर ‘भंगार’ लिहू नका. भंगार म्हटलं की कचरा होतो.

भंगारवाला : ‘नवा ड्रम’ लिवतो.

साहेब : नवा म्हटला तर पुनर्वापर होत नाही!

भंगारवाला : मग ‘जुना ड्रम’?

साहेब : अकाउंट्स पास करणार नाही. आमच्याकडे पॅकिंगची खरेदी नवीच धरतात.

भंगारवाला : साहेब, तुमच्या चारी मजल्यांनी मिळून ठरवा ड्रम नवा का जुना. तवर सोळा नगांचं जागाभाडं रोजचं चालू. ते बिलावर काय लिवायचं, मला पक्कं ठावं हाय.