खोट काढणारे नाना

नंदुरबारच्या मंगळ बाजारात मिरचीवाल्याने सुटे परत दिले की बाकीची माणसं मोजून खिशात टाकतात. नाना ते तळहातावर पसरतात, भिंग काढतात आणि मागच्यांची वाट अडवून उभे राहतात. कुणीतरी विचारतं, "नाना, काय शे त्यामा?" उत्तर नाही. मिरचीचं बोट डोळ्याला लागलेलं असतं, धारा वाहत असतात. पण नाना नाणं खाली ठेवतील तर शपथ.

नाना म्हणजे कुणी एकच गृहस्थ नव्हेत. शहाद्याला, तळोद्याला, नवापूरला, जिथे गल्ला आहे तिथे एखादे नाना असायचेच. बहुधा निवृत्त, आणि नानींच्या मते बिघडलेले. सगळं जग माल बिनखोट मागतं. नाना मात्र खोट निघाली की पेढे वाटायला निघतात. धडधाकट नाणं हाती आलं तर ते तुच्छतेने एसटीच्या कंडक्टरला देऊन मोकळे होतात.

"रेघ दिसली की नख फिरवा," ही त्यांची पहिली शिकवण. नख खाली उतरलं तर तो ओरखडा, किल्ल्यांच्या जुडग्यानेही पडतो; त्याला कुणी विचारत नाही. नख वर चढलं तर मात्र नानांचा आवाज बदलतो. तडा नाण्याला नसतो, ठशाला असतो. घाव घालून घालून पोलादी ठसाही थकतो, चिरतो, आणि मग प्रत्येक घावाला नाण्याचा धातू त्या चिरेत शिरून उंच रेघ उमटवतो. ठशाच्या कडेचा तुकडाच निखळला तर तेवढ्या जागी नक्षीऐवजी नुसतं टेंगूळ येतं. एकाच ठशाची नाणी नाना ओळीने मांडतात: इथे रेघ केसाएवढी, इथे सिंहाच्या आयाळीपर्यंत, इथे थेट कडेला. घरच्या भिंतीचा तडाही असाच वर्षानुवर्षं वाढतोय. तो नानींना दिसतो.

सालाखाली छोटा हिरा असला की मुंबईची टांकसाळ, तारा असला की हैदराबाद, ठिपका असला की नोएडा. काहीच नसलं की नाना विजयी मुद्रेने म्हणतात, "कोलकाता!"

मोबाइलवर 'वैष्णोदेवीचं नाणं लाखाला' वगैरे पाहून पोरं धावत येतात. अशा व्यवहारांत फसू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बजावलं होतं. नाना तेच कमी शब्दांत सांगतात. "पाचाचं नाणं पाचाला जाईल. चहा येणार नाही."

खरी परीक्षा धडगावच्या बाजारात. तिथे भिल्ल-पावरा बायकांच्या गळ्यात चांदीच्या रुपयांच्या माळा असतात, आणि परक्या बाईच्या गळ्याकडे भिंग रोखून पाहणाऱ्याचं काय होतं हे नानांना नानींनी आधीच समजावलेलं आहे. म्हणून ते सोनाराच्या दुकानात बसतात. त्यांना हवा असतो १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरच्या हाराला हत्ती होता, पण त्याची सोंड अशी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, सरकारने ते रुपये मागे घेतले, बरेचसे वितळवले, आणि १९१२ पासून सोंड नीट लांब केली. चूक टांकसाळीची नव्हे, कोरणाऱ्याची; तरी नाना ती आपल्याच खात्यात धरतात. सोनार कडी झाळता झाळता म्हणतो, "नाना, हत्ती असो का डुक्कर, वजन तोळाभरच भरतं!" नाना कळवळतात. कडी झाळली की रुपया गेला, हे त्याला कोण सांगणार?

सगळ्यांत मोठी आस मात्र लखीची. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं, पुढच्या कोऱ्या चकतीवर तेच दाबलं जातं, आणि चकतीच्या एका बाजूला नेहमीचा छाप तर दुसऱ्या बाजूला तोच छाप खोल आणि उलटा उमटतो. असं नाणं लक्ष्मी आणतं म्हणून व्यापारी तिजोरीत जपतात. गावातल्या एका किराणा दुकानदाराकडे असं एक आहे म्हणतात. दर लक्ष्मीपूजनाला नाना सगळ्यांच्या आधी तिथे हजर. दुकानदाराला वाटतं, काय भक्ती आहे! नानांना फक्त ते उलटवून पाठ बघायची असते. हळदीकुंकवाने माखलेलं नाणं ताटात पालथं करू नये असं दुकानदाराच्या आईचं म्हणणं, आणि ताटाजवळ तीच बसलेली असते.

"पुढल्या साली बघू, नाना," दुकानदार म्हणतो आणि हातावर बत्तासे ठेवतो.